बरणीतला उतार

१

सकाळी उठलो की मी आधी दुर्गाच्या डाव्या हाताला कान लावतो. मनगटाच्या वर डॉक्टरांनी दोन नसा एकमेकींना जोडून दिल्या आहेत. तिथे मांजर घुरघुरावं तसा बारीक आवाज येतो. तो नीट आला की माझा दिवस नीट सुरू होतो. दुर्गा माझी बायको. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिससाठी जायचं, त्या हातातून रक्त बाहेर काढून मशीन ते धुऊन परत आत सोडते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आवाज बंद झाला तर असाल तसे निघून या."

मग चहा. तिला अर्धाच कप, कारण पाणीसुद्धा मापात. डाळ थोडी, मीठ नावापुरतं, टमाटर, केळी आणि आलू अजिबात नाही. ती कुरकुरत नाही. मीही तिच्यासारखंच खातो, त्यामुळे स्वयंपाक सोपा होतो.

चहा झाला की मागच्या फाटकातून मी प्लांटवर जातो. आमची खोली मिलच्या आवारातच आहे. आमगावच्या बाहेरची ही उसन्या तांदळाची मिल. धान भिजवतात, वाफवतात, वाळवतात. भिजवणीचं पाणी पिवळं आणि आंबट वासाचं निघतं, त्यात फिनॉल म्हणून एक विष असतं. ते नाल्यात जायचं तेव्हा नाल्यातली मासोळी पोटं वर करून तरंगायची. गावाने तक्रार केली, शेठने पाणी शुद्ध करायचा प्लांट बांधला आणि बॉयलरवरून मला तिथे आणलं. मी दहावी नापास. शब्दकोश घेऊन इंग्रजी पुस्तिका वाचत गेलो, रोज काय पाहिलं ते लिहीत गेलो, आणि काम जमलं.

काम करणारे खरे तर जिवाणू. मोठ्या सिमेंटच्या टाकीत ते तपकिरी गाळ होऊन राहतात. ब्लोअर खालून हवा सोडतो, ते श्वास घेतात आणि पाण्यातलं विष खातात. निरोगी गाळाला पहिल्या नांगरटीच्या मातीसारखा वास येतो. मला तो वास आवडतो. टाकीच्या कडेला उभं राहून मी तो रोज घेतो आणि मला बरं वाटतं.

त्यानंतर बरणीची तपासणी. काचेच्या उंच बरणीत टाकीतलं पाणी भरायचं, टेबलावर ठेवायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. गाळ हळूहळू खाली बसतो, वर स्वच्छ पाणी राहतं. गाळाचा वरचा भाग ताटात ओतलेल्या पिठल्यासारखा सपाट असतो.

होळीच्या आसपास एका सकाळी तो तिरका बसला.

२

हा गाळ आला कुठून, ते सांगायला हवं.

नवी टाकी सुरू करताना दुसऱ्या चालू प्लांटचा गाळ आणून टाकतात. दुधाला विरजण लावावं तसंच. आमचं विरजण नागपूरहून टँकरने यायचं होतं. टँकर आला नाही आणि शेठला थांबायचं नव्हतं. प्लांट बसवणारा उमेंद्र बिसेन हा गोंदियाचाच मुलगा, दर महिन्याला पाहणीला येतो. तो म्हणाला, "काकाजी, घरीच बनवू. शेण, बोडीची माती, गूळ, थोडा युरिया. फक्त साबण नको, साबणाने मरतात ते."

मी आमच्या न्हाणीमागे मोठा निळा ड्रम ठेवला. मागच्या बोडीतला, छोट्या तलावातला, काळा गाळ आणला, शेण कालवलं, गूळ घातला. युरियाची गोणी मात्र दुकानात मिळेना, सगळी धानाला गेली होती.

तेव्हा मला सुचलं. दुर्गाचं अंग फार खाजायचं. किडनी काम करत नसली की रक्तातला युरिया घामातून बाहेर येतो, कातडीवर मिठासारखी पांढरी पूड धरते. साबण लावला की आग व्हायची, म्हणून ती नुसत्या पाण्याने आंघोळ करायची. बिनसाबणाचं, युरिया असलेलं पाणी. ते मोरीतून वाया चाललं होतं. मी नळी जोडून ते ड्रमात सोडलं. ती उलटी करायची तेही त्याच मोरीत.

उमेंद्रने ड्रमात डोकावलं आणि तो चकित झाला. "इतका चांगला गाळ? काय खाऊ घातलं याला?"

"घरचंच," मी म्हणालो.

एका दुपारी आम्ही तो ड्रम टाकीत ओतला.

३

तिरका बसलेला गाळ पाहून मी आधी टेबल तपासलं. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी आणली, दोन्ही टोकं जुळवली. टेबल सपाट होतं. बरणी बदलली, तरी गाळाचा एक काठ चढलेला आणि दुसरा उतरलेलाच. खिडकीतल्या उन्हाने पाणी एका बाजूला तापत असेल म्हणून खिडकीला पोतं लावलं. वारा लागत असेल म्हणून दार लावलं. फरक पडला नाही.

मग मी बरणी हळूच अर्धी फिरवली आणि वाट पाहिली. गाळ काही वेळ तसाच राहिला. नंतर झोपेत कूस बदलावी तसा सरकला, आणि चढ परत त्याच बाजूला आला. भिंतीच्या त्या बाजूला मागचं फाटक आहे, आणि फाटकापलीकडे आमची खोली.

दुसऱ्या दिवशी मी बरणी घेऊन आवाराच्या पलीकडच्या टोकाला गेलो, जिथे कोंड्याचा ढीग असतो. शामकलाबाई तिथे झाडत होती. मिल सुरू झाली तेव्हापासून ती इथे आहे आणि कोणाची भीड ठेवत नाही.

"काय करून रायले भाऊ? लोणचं घातलं का?"

"गाळ बसवून राहिलो. कोणीकडे चढला ते पाहा बरं."

तिने खराटा काखेत धरला, वाकून पाहिलं, मान वळवून आमच्या खोलीकडे पाहिलं. "वहिनीकडं पाहून रायला थो. तुमच्यापेक्षा त्यालेच काळजी हाय म्हनावं."

आणि ती मोठ्याने हसली. मीही हसलो. त्या दिवशी दुर्गाला गोंदियाला न्यायचं होतं, म्हणून बरणी ऑफिसच्या खिडकीत ठेवून मी निघालो. संध्याकाळी परतलो तेव्हा गाळाचा चढ खोलीकडे नव्हता. तो रस्त्याकडे होता, गोंदियाच्या बाजूला. आम्ही चपला काढून हात धुतले, दुर्गा खाटेवर टेकली. मी परत जाऊन पाहिलं तर गाळ फिरून खोलीकडे आला होता.

बरणीची काच जाड आहे, तळाला सारखी नसेल, असं मी त्या दिवसाच्या नोंदीत लिहिलं. लिहिताना ते मला पटलंही.

४

उन्हाळा लागला तशी दुर्गा दुपारी प्लांटवर यायला लागली. खोलीत पत्रा तापतो आणि टाकीजवळ गार वाटतं. टाकीला आतल्या बाजूने लोखंडी पायऱ्या आहेत. ती वरच्या पायरीवर बसायची, मी पंपाला तेल घालायचो, आणि आम्ही बोलायचो. मागच्या बांधीत, धानाच्या शेतात, सारसाची जोडी यायची. ती त्यांना हाका मारायची.

एक दिवस ती म्हणाली, "आयकता का जी, काल खाज नाही आली."

"वा."

"पाय बुडवले होते पाण्यात. थंडं वाटलं."

मी रागावलो. तिला जंतूंचा संसर्ग होणं किती वाईट ते मला माहीत होतं. पण तिची टाच मी हातात घेतली तर वर्षानुवर्षांच्या भेगा भरून आल्या होत्या. तिच्या तोंडाला नेहमी येणारा उग्र वास, ज्याची मला सवय झाली होती, तो नव्हता. मातीचा वास येत होता. चांगल्या गाळाचा.

पुढच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, किडनीने गाळायचं रक्तातलं विष, उतरलेलं होतं. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. "पथ्य बहुत अच्छा चल रहा है इनका," ते म्हणाले. काही आठवड्यांनी डायलिसिस आठवड्यातून एकदा केलं. मग म्हणाले, थांबवून पाहू.

ते दिवस आमचे फार चांगले गेले. इतके की मी नोंदवहीत अक्षर बारीक करून लिहायचो, कारण लिहिण्यासारखं पुष्कळ असायचं. दुर्गा चालत बाजारात जाऊन आली. दुर्गाने गोधडी शिवायला काढली. दुर्गा गाणं म्हणत होती. बुद्धवंदना घेताना तिचा आवाज माझ्यापेक्षा वर जात होता.

सारस मात्र येईनासे झाले. शामकलाबाई म्हणाली, ऊन वाढलं. तसंच असेल.

५

एका दुपारी लाइट गेली.

ब्लोअर बंद पडला की प्लांटवर एकदम शांत होतं. ती शांतता मला आवडत नाही. हवा थांबली की टाकीतले बुडबुडे थांबतात, गाळ तळाला बसू लागतो. जनरेटर लावायला मी धावत निघालो आणि वाटेतच थांबलो. बुडबुड्यांचा आवाज येत होता. सगळीकडून नाही, एका कोपऱ्यातून.

मी वर चढलो. टाकीच्या पलीकडच्या अर्ध्या भागात पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. टाकी भरल्यापासून पहिल्यांदा मला तिचा तळ दिसला, सिमेंटवर गवंड्याच्या थापीच्या खुणा दिसल्या. सगळा गाळ अलीकडे आला होता. तो तिरका उभा होता. पलीकडच्या तळापासून चढत चढत पायऱ्यांपर्यंत, बरणीत बसतो तसाच, पण माणसाहून उंच.

त्या चढाच्या टोकाला दुर्गा बसली होती. गुडघ्यापर्यंत पाय आत. गाळ तिच्या पायांना चिखलासारखा लागलेला नव्हता. गाय वासराला चाटते तेव्हा वासराची कातडी जशी मागेपुढे होते, तशी तिची पोटरी हलत होती. बुडबुडे तिच्याभोवतीच फुटत होते, थांबून, फुटून, परत थांबून. तिचा डावा हात कडेवर होता. मी वाकून हाताला कान लावला. घुरघुर आणि बुडबुडे एकाच तालात चालले होते.

"दुर्गा, उठ."

"बसू द्या न थोडंसं. भुकेजले हायेत."

"कोण?"

माझ्याकडे तिने असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं आहे. मग हसली. "गुदगुल्या होतेत जी."

लाइट आली. ब्लोअर गुरगुरला, टाकी ढवळली गेली, सगळं नेहमीसारखं तपकिरी झालं. मी तिला हाताला धरून उठवलं. तिचे पाय इतके स्वच्छ होते की मला ते ओळखू आले नाहीत.

६

मी फाटकाला कुलूप लावलं.

दुर्गा खाटेवर बसून गोधडी शिवत राहिली. दोन-तीन दिवसांत खाज आली, मग उलटी, मग पापण्या सुजल्या आणि तोंडाला तो उग्र वास परत आला. मी गोंदियाला न्यायची तयारी केली. पिशवी भरली, फाईल घेतली, गाडी सांगितली. ती भिंतीला धरून उभी होती.

"कायले नेता मले तिकडं?" ती म्हणाली. "तीन वर्सं नेलं. सुई टोचून टोचून हात पहा कसा झाला. इथं दहा पावलांवर बरी होते न मी."

"ते काय आहे, मला माहीत नाही, दुर्गा."

"मशीन काय हाय, ते तरी कुठं माहीत होतं तुमाले?"

ती रागाने बोलली नव्हती. मी विचार करून पाहिला. मशीनही तिचं विष बाहेर काढायचं, टाकीही तेच करत होती. मशीनला आवाज होता, टाकीलाही होता. मशीनने कधी तिला हसवलं नव्हतं.

मी गाडीवाल्याला परत पाठवलं आणि कुलूप काढलं.

७

पावसाळ्यापूर्वी मिल काही दिवस बंद राहते. उमेंद्र पाहणीला आला.

"काकाजी, आता भिजवणीचं पाणी येणार नाही. रोज गूळ-युरिया टाकत जा. उपाशी नका ठेवू."

"उपाशी राहिले तर?"

"आधी तर मस्त दिसते सगळं. पाणी एकदम क्लीन, रिपोर्ट ए-वन. माणसाला वाटते, वा, प्लांट काय चालून राहिला. पण विष संपलेलं असते न. मग जे समोर असते ते खातात. एकमेकाले खातात. टाकी हलकी होत जाते, आणि एक दिवस पाहा तर नुसतं पाणी."

जाता जाता त्याने दुर्गाला नमस्कार केला. "काकू, तुम्ही तर दहा वर्षांनी लहान दिसून राहिल्या."

खरंच दिसत होती. त्या आठवड्यात आम्ही रेशन आणायला गेलो. दुकानातल्या मशीनने तिचा अंगठा घेतला नाही. दुकानदाराने पुसून परत लावला, दुसरा लावला, मग एकेक बोट.

"काकू, अंगठा घरी ठेवून आली का वो?"

लोक हसले. दुर्गाही हसली. माझ्या अंगठ्यावर धान्य मिळालं. घरी आल्यावर मी तिचा हात दारात उजेडाकडे धरला. बोटांवर एकही रेघ नव्हती. तळव्यावरही नव्हती. लहानपणी नागऱ्याच्या जत्रेत तिच्या आत्याने तिच्या उजव्या हातावर विंचू गोंदवला होता. लग्नात मी त्याच्यावरून तिला चिडवलं होतं. त्या विंचवाची नांगी गेली होती आणि पाय पुसट झाले होते.

"दुर्गा, विंचू कुठे गेला?"

तिने हात पाहिला. जरा वेळ आठवत राहिली. "कोनता विंचू?"

८

मिल बंद झाली. मी रोज टाकीत गूळ टाकत होतो, युरियाही मिळाला होता. टाकी त्याला तोंड लावत नव्हती. गुळाचं पाणी तसंच वर तरंगायचं, त्याच्यावर माश्या बसायच्या.

मग एका सकाळी मी दुर्गाच्या डाव्या हाताला कान लावला आणि काही ऐकू आलं नाही. नसांचा फुगवटाही नव्हता. हात गुळगुळीत, लहान मुलीच्या हातासारखा. ती बाजूला बसून केस विंचरत होती. तिच्या छातीवर कान ठेवला. हृदय चालू होतं, पण फार दुरून, विहिरीतून आल्यासारखं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताला वजन नव्हतं. उजेड तिच्या कानाच्या पाळीतून आरपार येत होता.

मी प्लांटवर गेलो, बरणी भरली आणि स्टुलावर बसून राहिलो. गाळ खाली बसला. सपाट. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, पुस्तिकेतल्या चित्रासारखा. त्याचा फोटो मी उमेंद्रला पाठवला. त्याचा लगेच निरोप आला, "ए-वन काकाजी!"

विष संपलं होतं. तिच्यात आता खाण्यासारखं उरलं होतं ते फक्त तीच.

मी घाबरलो, हे खरं आहे. पण घाबरून बसण्याचा माझा स्वभाव नाही. गाळ कसा जपायचा ते मला येतं. मी सायकल काढली आणि आमगावच्या बाजारातून टमाटर, आलू, केळी, पावभर तूरडाळ, सुकी मासोळी आणि आंब्याचं लोणचं आणलं. डॉक्टरांच्या कागदावर ज्याच्यापुढे फुली होती ते सगळं. डाळ घट्ट शिजवली, आलू-टमाटरचा रस्सा केला, मासोळी भाजली, मीठ हाताला येईल तितकं टाकलं. बरणी घरी आणून खिडकीत ठेवली.

दुर्गाने ताट पाहिलं. "हे मले चालते?"

"आता चालतं."

ती आवडीने जेवली. बोटं चाटून जेवली. तिला असं जेवताना मी किती वर्षांनी पाहत होतो. दुपारभर मी बरणीसमोर बसलो. गाळ हलला नाही. दुसऱ्या दिवशी परत सगळं रांधलं. तिसऱ्या दिवशी एका काठाला केसाएवढा चढ आला. मी पाण्याची नळी आणून तपासला. होता.

आज सकाळी तिच्या हाताला कान लावला तेव्हा घुरघुर आली. बारीक, पण नीट. तोंडाला तो उग्र वासही थोडासा आला. मला इतका आनंद झाला की मी तिला अख्खा कप चहा दिला. गोंदियाहून फोन आला होता. काल दिलेल्या रक्तात क्रिएटिनिन परत वाढलंय, पथ्य मोडलं का, असं विचारत होते. मी म्हणालो, नाही, नाही, लक्ष ठेवून आहे. ठेवूनच आहे. खूप कमी पडलं तर तिला खाल्लं जाईल, खूप जास्त झालं तर ती पूर्वीसारखी होईल. मधला काटा सांभाळायचा. प्लांट चालवणं म्हणजे तेच, आणि ते मी चांगलं करतो.

आत्ता आम्ही जेवायला बसलो आहोत. बाहेर मिल बंद आहे, ब्लोअर मी दुरुस्तीसाठी थांबवला आहे, तरी टाकीकडून बुडबुड्यांचा आवाज येतो आहे. दुर्गाचं ताट रिकामं झालं. तिने ते माझ्यापुढे केलं.

"अजून वाढा न जी. पोट नाही भरून रायलं."

मी पळी रश्शात बुडवली. पळी अजून पातेल्यातच होती, तेव्हा खिडकीतल्या बरणीत गाळ हळूच दुर्गाकडून ताटाकडे कलला.